धुराड्यावाटे जाणारे धन

दसरा उलटला की अहिल्यानगर जिल्ह्यात बॉयलर अग्निप्रदीपनाचे समारंभ सुरू होतात. कोपरगावपासून श्रीगोंद्यापर्यंत आणि अकोल्यापासून शेवगावपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या आवारांत मांडव पडतात, सपत्नीक पूजा होते, अध्यक्षांची आणि पाहुण्यांची भाषणे होतात. उसाची उपलब्धता, उतारा, पहिली उचल, शेजारच्या कारखान्याने पळविलेला ऊस आणि जमल्यास राज्याचे राजकारण, असा त्या भाषणांचा ठरलेला क्रम असतो. ज्या अग्नीची पूजा झाली, त्याच्या उष्णतेपैकी किती कामास लागणार आणि किती आकाशाच्या स्वाधीन होणार, याविषयी मात्र कोणी अक्षर काढीत नाही. हा प्रश्न इंजिनीयरांच्या खोलीतला आहे, व्यासपीठावरचा नव्हे, अशी एक समजूत रूढ आहे. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. या जिल्ह्यापुरते बोलायचे तर उसाच्या दराचा, पिण्याच्या पाण्याचा आणि विजेच्या बिलाचा एक मोठा हिस्सा या एकाच प्रश्नात दडलेला आहे.

प्रथम विजेचा सामान्य व्यवहार पाहू. कोळसा जाळावयाचा, त्यावर पाण्याची वाफ करावयाची, त्या वाफेने टर्बाइन फिरवावयाचे आणि टर्बाइनने जनित्र, ही रीत गेली सव्वाशे वर्षे चालू आहे. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ निर्जीव झालेली नसते. दाब संपलेला असतो, पण वाफ म्हणून तिच्या पोटात असलेली उष्णता बव्हंशी शाबूत असते. ही वाफ पुन्हा बॉयलरमध्ये घालण्यासाठी तिचे पाणी करावे लागते, आणि पाणी करावयाचे म्हणजे ती सारी उष्णता तिच्याकडून काढून घेऊन नदीच्या पाण्याला किंवा हवेला देऊन टाकावयाची. वीज केंद्रांच्या बाजूला जे प्रचंड, कमरेशी निमुळते मनोरे दिसतात आणि ज्यांतून पांढरे लोट निघताना पाहून प्रवासी धूर धूर म्हणतात, तो धूर नसून हे उष्णतेचे दान आहे. सादी कार्नो या फ्रेंच इंजिनीयराने १८२४ साली दाखवून दिले की उष्णतेवर चालणारे कोणतेही यंत्र सारीच्या सारी उष्णता कामात बदलू शकत नाही. काही भाग थंड बाजूला सोडावाच लागतो. म्हणजे यात व्यवस्थापकांचा दोष नाही, सृष्टीचाच कायदा आहे. पण कायद्याने सोडावी लागते ती उष्णता निरुपयोगी असते, असे कार्नोने कोठेही म्हटलेले नाही.

आपल्या देशातील जुनी कोळशाची केंद्रे शंभर भाग उष्णतेतून तेहतीस ते पस्तीस भाग वीज काढतात. कोराडीसारख्या ठिकाणच्या अलीकडच्या संचांची मजल चाळिसाच्या आसपास जाते. जुन्या केंद्राचाच हिशेब घेतला तर त्या चौतीस-पस्तीस भागांतले दोन-तीन केंद्राचे स्वतःचे पंप आणि पंखेच खातात. पुढे तारांतून, रोहित्रांतून आणि चोरीतून पाचवा-सहावा हिस्सा जातो. सरतेशेवटी आपल्या दिवाणखान्यातील दिव्यापर्यंत पोहोचतात ते शंभरांतील पंचवीस-सव्वीस भाग. चार पोती धान्य गाडीत घालून तीन वाटेत सांडणाऱ्या गाडीवानाला कोणी दुसऱ्या दिवशी कामावर ठेवणार नाही. येथे मात्र आपण त्यालाच रोजगार वाढवून देत आलो आहोत.

ही सांडलवंड आणखी एका वस्तूच्या रूपाने आपल्याला भरून द्यावी लागते, ती म्हणजे पाणी. केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांसाठी दर युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची कमाल मर्यादा घालून दिली. मर्यादेची ही बोली ऐकावयास किरकोळ वाटते, म्हणून गुणाकार करून पाहावा. नाशिकजवळ एकलहरे येथे आहेत तसा २१० मेगावॉटचा एक संच दिवसभर पूर्ण चालला तर पन्नास लाख युनिटे वीज तयार होते, आणि मर्यादेइतकेच पाणी वापरले तरी त्यापोटी पावणेदोन कोटी लिटर पाणी जाते. शहरात माणशी १३५ लिटर हे प्रमाण धरले तर हे सुमारे एक लाख तीस हजार वस्तीच्या गावाचे रोजचे पाणी झाले. त्यातील मोठा भाग केवळ नको असलेली उष्णता हवेत उडवून देण्यात खर्ची पडतो. २०१३ च्या फेब्रुवारीत परळीचे वीज केंद्र बंद ठेवावे लागले, ते कोळसा नव्हता म्हणून नव्हे. वाफ थंड करावयास पाणी नव्हते म्हणून. परळीला पाणी मिळते ते गोदावरीच्या खोऱ्यातून, आणि आमच्या प्रवरा व मुळा या त्याच गोदावरीला मिळणाऱ्या. समन्यायी पाणीवाटपाच्या २००५ च्या कायद्यानंतर जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचा प्रसंग आला की भंडारदऱ्याच्या आणि मुळेच्या काठावर काय रण माजते, हे येथील वाचकांस सांगावयास नको. नगर आणि मराठवाडा यांनी एकमेकांच्या उरावर बसून भांडावे, आणि दोघांच्या पाण्यातून वीज केंद्रांनी मनोऱ्यावाटे वाफा सोडाव्यात, हा देखावा मोठा बोधप्रद आहे.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. येथे कोळशाचे मोठे वीज केंद्र नाही. भंडारदऱ्याला १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणाच्या पायथ्याशी वीजगृह आहे; तेथे पाणी पडून चाक फिरते, उष्णतेची भानगडच नाही, आणि शंभरांतले नव्वद भाग पदरात पडतात. परंतु तेच पाणी खाली उतरून उसाच्या मुळाशी जाते, ऊस कारखान्यात जातो आणि कारखान्यात त्याचे चिपाड पेटते. तेव्हा उष्णतेची भानगड तेथे सुरू होते. वस्तुतः उष्णता दोनदा वापरण्याची विद्या जगात सर्वांत आधी ज्या थोड्या धंद्यांनी आत्मसात केली, त्यांत साखरेचा धंदा अग्रभागी आहे. नॉर्बर्ट रिलियू हा न्यू ऑर्लिन्सचा इंजिनीयर, गोऱ्या मळेवाल्याचा कृष्णवर्णी स्त्रीपासून झालेला पुत्र. १८४३ आणि १८४६ साली त्याने रस आटविण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यापूर्वी रस आमच्या गुऱ्हाळातल्याप्रमाणे उघड्या काहिलीत आटत असे आणि त्यातून निघालेली वाफ छपराबाहेर जात असे. रिलियूने ती वाफ पकडून दुसऱ्या बंद भांड्याच्या नळ्यांत सोडली, दुसऱ्याची तिसऱ्यात, आणि पुढच्या प्रत्येक भांड्यात दाब कमी ठेवून रस कमी उष्णतेवर उकळेल अशी व्यवस्था केली. चार भांडी ओळीने मांडली की एक किलो वाफ जवळजवळ चार किलो पाणी उडविते. आज प्रत्येक कारखान्यात ही भांडी उभी आहेत. त्यांना वाफ मिळते ती टर्बाइनमधून काम करून बाहेर पडलेली. म्हणजे वीज केंद्र ज्या वाफेला टाकाऊ ठरवून मनोऱ्याकडे हाकलते, तिच्यावरच साखर शिजते. तत्त्व म्हणून पाहिले तर साखर कारखाना हा कोणत्याही औष्णिक केंद्राहून शहाणा आहे.

दुर्दैव असे की तत्त्व शहाणे असूनही व्यवहार बरीच वर्षे मुद्दाम वेडा ठेवण्यात आला. उसाच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के चिपाड निघते. त्याचे करावयाचे काय, हा जुन्या कारखान्यांपुढचा प्रश्न होता. ढीग साचले की आगीचे भय आणि जागेची अडचण. म्हणून बॉयलर आणि यंत्रे अशा बेताने बसविली जात की हंगाम संपेतो चिपाड संपून जावे. वाफेचा दाब चौरस सेंटीमीटरला एकवीस-बत्तीस किलोंपुरताच, चरक फिरविणारी टर्बाइने हलक्या प्रतीची, धुराड्यातून निघणारा वायू हवा तेवढा गरम. जेथे काटकसर केल्याने अडगळ वाढते, तेथे काटकसर करणार कोण? स्वातंत्र्यापूर्वीच्या हरिगावच्या बेलापूर कंपनीच्या काळात हेच चालले, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेकाठी सहकारी कारखान्याचा धडा घालून दिला, तेव्हाही यंत्रे याच पठडीतली मिळत होती. मालकी बदलली, ती केवढी मोठी क्रांती होती. पण धुराडे तेच राहिले. जे चिपाड पूर्वी कंपनीचे जळत होते, ते आता सभासदांचे जळू लागले, एवढाच फरक.

पुढे विजेला गिऱ्हाईक आले. २००२ साली महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने उसाच्या चिपाडापासून होणाऱ्या विजेचा दर ठरविला, २००८ च्या धोरणात राज्याने एक हजार मेगावॉटचे उद्दिष्ट ठेविले, आणि कारखान्यांनी सदुसष्ट, सत्याऐंशी, एकशेदहा किलो दाबाचे बॉयलर बसविण्यास आरंभ केला. ही प्रगती खरी आहे आणि तिचे श्रेय ज्यांचे आहे त्यांस आम्ही ते मोकळ्या मनाने देतो. एक टन उसामागे कारखान्याला स्वतःसाठी तीस-पस्तीस युनिटे पुरतात. नव्या यंत्रणेत त्याहून दुप्पट वीज बाहेर विकावयास उरू शकते. सहवीजनिर्मिती असे तिचे नाव पडले. आमची तक्रार नावाविषयी आहे. एकाच अग्नीतून वीज आणि उपयुक्त उष्णता अशी दोन्ही कामे व्हावीत, हा त्या ‘सह’चा अर्थ. पण या नव्या टर्बाइनांना एक दुसरे तोंडही असते. साखर शिजविण्यास लागते तेवढी वाफ मधूनच काढून घ्यावयाची आणि उरलेली शेवटपर्यंत नेऊन, थंड करून, पाणी करून टाकावयाची. हंगाम संपला, चरक थांबले आणि राखून ठेवलेल्या चिपाडावर वीज चालू ठेवली की सारीच्या सारी वाफ या दुसऱ्या तोंडातून जाते. तेव्हा ‘सह’ संपतो आणि उरते ते एक लहानसे वीज केंद्र, मोठ्या केंद्राहूनही कमी कसाचे. आणि ते पाणी उडवीत असते ते नेमके एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेर या तालुक्यांत टँकरची वाट पाहणे चालू असते.

यावर कारखान्यांचे उत्तर तयार आहे: चिपाड आमचे, ते पुढल्या वर्षी पुन्हा उगवते, कोळशासारखे संपत नाही, जाळून चार पैसे मिळाले तर बिघडले कोठे? उत्तर निम्मे बरोबर आहे. चिपाड व्यर्थ जाळण्यापेक्षा कोणत्याही रीतीने वीज करणे बरे, यात शंका नाही. परंतु प्रश्न चार पैशांचा आहे म्हणूनच तो नीट मोजला पाहिजे. कच्चा हिशेब असा. दररोज पाच हजार टन ऊस गाळणारा कारखाना घ्या; हंगाम दीडशे दिवसांचा धरा. जुन्या रीतीत शंभर टन ऊस शिजविण्यास पन्नास टन वाफ लागते. भांड्यांची रचना सुधारली, पहिल्या भांड्यांतली वाफ रस तापविण्यास वळविली, नळांवरची वेष्टने नीट ठेविली, पातळ थराने रस उतरणारी नवी भांडी बसविली, तर हे प्रमाण चाळीसवर आणि त्याच्याही खाली आणता येते. असे कारखाने चालू आहेत. पन्नासाचे चाळीस झाले म्हणजे रोजची पाचशे टन वाफ वाचली. एक टन चिपाडापासून सव्वादोन टनांच्या जवळपास वाफ होते. म्हणजे रोज सव्वादोनशे टन आणि हंगामात चौतीस हजार टनांच्या घरात चिपाड शिल्लक राहील. एका कारखान्याची ही गोष्ट. जिल्ह्यात लहानमोठे वीसएक कारखाने आहेत. या चिपाडाचे काय करावयाचे ते मग ठरविता येते: कागदाच्या गिरणीला विकावे, कांड्या करून इतर कारखान्यांच्या बॉयलरला द्यावे, अथवा वीजच करावी. पण निवड हाती येते ती आधी वाचविल्यावर.

आणि हे चिपाड कोणाचे? महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊसदर कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे. साखरेबरोबर चिपाड, मळी आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नाचा सत्तर टक्के वाटा ऊस उत्पादकाचा, असे रंगराजन समितीचे सूत्र त्यात आले. म्हणून वाफेच्या नळावरचे वेष्टन फाटले की त्या भोकातून कारखान्याचा नफा जातो असे नव्हे; राहुरीच्या किंवा नेवाशाच्या एखाद्या दोन एकरवाल्याच्या दरातले पैसे जातात. वार्षिक सभेत तो शेतकरी उठून भावाविषयी बोलतो, काटामारीविषयी बोलतो, संचालकांच्या मोटारीविषयीही बोलतो. वाफेविषयी त्याने बोलावे अशी सोयच अहवालात केलेली नसते. उतारा पहिल्या पानावर छापतात. टन उसामागे वाफ किती लागली आणि धुराड्यातून वायू किती गरम निघाला हे आकडे, असलेच तर, तांत्रिक परिशिष्टाच्या तळाशी असतात. धुराड्याच्या वायूची उष्णता वीस-बावीस अंशांनी वाढली की बॉयलरच्या कसातला सुमारे एक टक्का जातो, हे प्रत्येक बॉयलर अटेंडंटला ठाऊक आहे. ते सभासदाला ठाऊक असू नये असे काय आहे?

येथे सरकारच्या आणि आयोगाच्या पदरातही थोडे माप घातले पाहिजे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २०१२ साली मोठ्या उद्योगांना काटकसरीची उद्दिष्टे ठरवून देण्यात आली. त्या पहिल्या फेरीत पोलाद, सिमेंट, खते, कागद असे आठ उद्योग होते, साखर नव्हती. दुसरीकडे विजेचा दर ठरतो तो बाहेर पाठविलेल्या युनिटावर. युनिट उपयुक्त वाफेच्या जोडीने झाले की मनोऱ्यावर पाणी उडवून झाले, दोघांस दाम एकच. ज्याला युनिटाचे पैसे मिळतात तो युनिटे करील, उष्णता कशास वाचवील? मनुष्यस्वभावाविरुद्ध चालणारे दरपत्रक आजवर कोणत्याही आयोगाला लाभदायक झालेले नाही.

शिवाय सूर्याने बाजार बदलला आहे. सौर वीज तीन रुपयांच्या आसपास मिळू लागल्यावर चिपाडाची वीज महाग, असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीत २०१७ साली सौर कृषी वाहिनीचा मुहूर्त झाला. पंपाला दिवसा वीज मिळावी या मागणीला त्याने दिलेले उत्तर आम्हांस मनापासून पसंत आहे. पण सायंकाळी साडेसहा वाजता सूर्य मावळतो आणि नेमके तेव्हाच घरोघरचे दिवे लागतात. चिपाडाचा ढीग म्हणजे साठवून ठेवलेले ऊनच. ते रात्री जाळता येते. तेव्हा दुपारच्या सौर विजेशी त्याची तुलना करून कारखान्यांना हिणविणे जितके चूक, तितकेच कारखान्यांनी दुपारीही तीच वीज त्याच दराने घ्या असा आग्रह धरणे चूक. संध्याकाळच्या युनिटाला अधिक दर द्यावा आणि वाफेच्या काटकसरीला त्याशी बांधून टाकावे; ज्या कारखान्याची वाफ उसाच्या चाळीस टक्क्यांच्या आत, त्याला वरचा दर. असा दर आयोगाने दिला तर संचालक मंडळांना भाषणे ऐकविण्याची गरज उरणार नाही.

विजेचे दुसरे नुकसान, तारांतले, त्याचाही या जिल्ह्याला चांगला अनुभव आहे. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था १९७० च्या सुमारास देशातील पहिल्या काही ग्रामीण वीज संस्थांपैकी एक म्हणून उभी राहिली; विजेचे वितरण खेड्यांनी स्वतः करावे ही कल्पना उमदी होती. २०११ साली थकबाकीच्या डोंगराखाली तिचे काम महावितरणकडे गेले. तिच्या अपयशाची मीमांसा हा स्वतंत्र विषय आहे आणि तिच्यात राजकारणाचा भाग अभियांत्रिकीपेक्षा मोठा आहे. पण एक गोष्ट सुटून गेली याची चुटपुट वाटते: संस्थेच्या हद्दीतच कारखान्यांचे बॉयलर पेटत होते. त्यांची वीज तेथल्या तेथे, दोन-चार कोसांच्या आत खपली असती तर तारांवरची गळती कितीतरी आटोपली असती. ती संधी त्या रूपाने गेली. कारखान्यालगतच्या गावांना त्याच कारखान्याची वीज सायंकाळी पुरविण्याची सोय अजूनही करता येण्यासारखी आहे.

एवढे करूनही काही कोमट उष्णता उरतेच, आणि तिला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. डेन्मार्कमध्ये वीज केंद्रांची उष्णता नळांवाटे घराघरांत नेऊन कोपनहेगनसारखे शहर ऊबदार ठेवतात. आपल्याला घरे तापवावयाची नाहीत. आपल्याला दूध तापवावयाचे आणि थंड करावयाचे आहे. दुधाच्या उत्पादनात हा जिल्हा राज्यात अग्रेसर आहे. दूध बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद धरावे लागते आणि मग चार अंशांवर आणावे लागते. पहिल्या कामाला कारखान्यातले गरम पाणी पुरते. दुसऱ्यालाही पुरू शकते, कारण उष्णतेवर चालणारी शीतयंत्रे आता नवलाची राहिलेली नाहीत. राहात्याचे पेरू आणि डाळिंबे, पारनेरचा कांदा यांचे शीतगृह कारखान्याच्या कुंपणाला लागून का नसावे? कारखाना आणि दूध संघ एकाच तालुक्यात, पुष्कळदा एकाच घराण्याच्या हातात असताना एकाने उष्णता फेकावी आणि दुसऱ्याने ती विकत घ्यावी, हे कोड्यासारखे आहे. हंगामाबाहेरच्या महिन्यांची अडचण आहे हे आम्ही जाणतो. परंतु आता कारखान्यांशेजारी मद्यार्क प्रकल्प उभे आहेत, पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचा टप्पा २०२५ मध्ये गाठला गेला आहे, आणि मद्यार्काच्या ऊर्ध्वपातनाला वाफ लागते ती हंगामाबाहेरही. उष्णतेचे काम पूर्वीपेक्षा अधिक महिने चालते.

पाण्याचेही तसेच. उसात सत्तर टक्के पाणी असते. रस आटविताना ते वाफ होऊन निघते आणि थंड झाल्यावर गरम, जवळजवळ शुद्ध पाणी म्हणून हाती येते. पाच हजार टनांच्या कारखान्यात काही भाग चिपाडाबरोबर गेला तरी रोज वीस-पंचवीस लाख लिटरांची ही कमाई आहे. ते पाणी थंड करून, शुद्ध करून पुन्हा वापरले तर कारखान्याला नदीतून वा कालव्यातून नवे पाणी घेण्याची गरज जवळपास राहत नाही. ज्या कारखान्यांनी ते केले त्यांचे कौतुक व्हावे. ज्यांनी केले नाही त्यांना कालव्याचे पाणी देताना पाटबंधारे खात्याने निदान एवढे विचारावे की उसातून आलेले पाणी गेले कोठे.

भांडवलाची अडचण पुढे केली जाईल. ती खरीही आहे. कर्जाखाली वाकलेल्या कारखान्यांना नवे बॉयलर घेण्यास सांगणे सोपे आणि घेणे कठीण. परंतु वेष्टने बदलणे, गळती बंद करणे, गरम पाणी परत आणणे, चरकांची जुनी टर्बाइने काढून तेथे विजेच्या मोटारी बसविणे यांतील बरीचशी कामे एक-दोन हंगामांत स्वतःचा खर्च भागवितात, आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारखी संस्था सल्ल्यासाठी हाताशी आहे. तोवर एक काम बिनखर्चाचे आहे. सहकारी कारखान्यांनी येत्या वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर, उताऱ्याच्या शेजारी, चार आकडे छापावेत: टन उसामागे लागलेली वाफ, धुराड्यातील वायूची उष्णता, शिल्लक राहिलेले चिपाड आणि बाहेरून घेतलेले पाणी. साखर आयुक्तांनी हे चार आकडे सर्व कारखान्यांकडून मागवून एका तक्त्यात मांडावेत आणि तो तक्ता प्रत्येक सभासदाच्या हाती पडेल अशी व्यवस्था पुढील गळीत हंगामापूर्वी करावी.